एग्मोरचे पँथिऑन

चेन्नईतील एग्मोर भागात एका रस्त्याला ‘पँथिऑन रोड’ असे नाव आहे. पँथिऑन म्हणजे प्राचीन रोममधील सर्व देवांचे मंदिर. मद्रासच्या या वाटेवर असे मंदिर कधीच नव्हते. तेथे होती ती इंग्रज अंमलातील एक रंगशाळा आणि नृत्यशाळा. ती आज मूळ रूपात उभी नाही. तिचे नाव मात्र रस्त्याने जपून ठेवले आहे.

या जागेचा इतिहास म्हणजे एका खासगी बागेचे द्वार हळूहळू सर्वांसाठी कसे उघडले, याची हकीकत होय. 1778 साली हॉल प्लमर नावाच्या कंपनीच्या नोकराला बागबंगल्यासाठी येथे 43 एकर जमीन मिळाली. 1793 मध्ये त्याने ती शहरातील करमणुकीची व्यवस्था पाहणाऱ्या चोवीस जणांच्या समितीकडे सोपविली. मग येथे मेजवान्या झडल्या, नाटके झाली, नृत्ये रंगली. पण हा सारा आनंद मूठभर गोऱ्या लोकांचा होता.

1821 मध्ये समितीने मुख्य वास्तू व मधली बाग मूरॅट या आर्मेनियन व्यापाऱ्यास विकली. 1830 मध्ये सरकारने ती 28,000 रुपयांना विकत घेतली आणि प्रथम तेथे कलेक्टरची कचेरी थाटली. जेथे व्हायोलिनचे सूर घुमले, तेथे आता सरकारी दप्तरे उघडली जाऊ लागली! वास्तूच्या नशिबी असे फेरे असतातच.

खरा पालट मात्र पुढे झाला. 1851 मध्ये मद्रासचे सरकारी संग्रहालय फोर्ट सेंट जॉर्जच्या कॉलेजात सुरू झाले. एडवर्ड बाल्फोर हा लष्करी शल्यचिकित्सक त्याचा पहिला प्रमुख होता. तेथील जागा अपुरी पडताच 1854 मध्ये संग्रहालय पँथिऑनमध्ये आले. ज्या आवारात पूर्वी निमंत्रणावाचून पाऊल टाकता येत नसे, तेथे आता सामान्य माणूस अमरावतीची बौद्ध शिल्पे पाहू लागला. पुढे चोळकालीन कांस्यमूर्तींचा समृद्ध संग्रहही येथेच जमला. नव्या दालनांच्या गर्दीत जुने पँथिऑन नाहीसे झाले. पण त्याची जागा लोकांच्या हाती आली. या नाहीसे होण्याचा शोक करावा की आनंद मानावा, असा प्रश्न पडतो.

याच आवारात 1909 मध्ये व्हिक्टोरिया मेमोरियल हॉल उघडला. हेन्री आयर्विन याने त्याचा आराखडा केला आणि नंबेरुमाळ चेट्टी या ठेकेदाराने तो गुलाबी दगडात बांधला. फत्तेपूर शिक्रीच्या मोगल शैलीची छाया त्यावर स्पष्ट दिसते. 1951 मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते तेथे राष्ट्रीय कलादालन सुरू झाले. त्यात राजा रविवर्म्याची चित्रे होती. ज्या रविवर्म्याच्या छापील देवदेवता महाराष्ट्रातील घराघरांत भिंतीवर विराजमान झाल्या, त्याची मूळ चित्रे तेथे पाहता येत. परंतु 2002 मध्ये वास्तू धोकादायक ठरल्याने दालन बंद झाले आणि जवळजवळ दोन दशके लोकांना बंदच राहिले.

कलादालने दोन प्रकारांनी नाहीशी होतात. एक प्रकार दिल्लीत दिसला. राज रेवाल आणि अभियंता महेंद्र राज यांनी प्रगती मैदानावर उभारलेला ‘हॉल ऑफ नेशन्स’ हा भव्य प्रदर्शनमंडप मधला एकही खांब नसलेला होता. 1972 मध्ये उघडलेला हा मंडप एप्रिल 2017 मध्ये एका रात्रीत पाडण्यात आला. दुसरा प्रकार एग्मोरचा: भिंती उभ्या, पण दाराला कुलूप. पाडलेल्या इमारतीचे दुःख डोळ्यांना दिसते. कुलूप लागलेल्या इमारतीचे दिसत नाही. परंतु ज्या मुलाला चित्र पाहावयास मिळाले नाही, त्याच्या दृष्टीने दोहोंत फरक तो काय?

पँथिऑनची कथा म्हणूनच उपयोगी आहे. दगड-चुना जातो, मालक बदलतात. पण जागा लोकांसाठी उघडी राहिली तर तिचे नाव रस्त्यावरही जिवंत राहते. वास्तूचे रक्षण करावयाचे ते दगडाकरिता नव्हे. तिच्या दारातून आत येणाऱ्या माणसाकरिता.