ओझरचं एक वर्ष

नांदेडच्या विष्णुपुरीतल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात किंवा लातूरच्या तंत्रनिकेतनात शिकलात आणि विमानाच्या कामाची ओढ आहे? मग नाशिकजवळचं ओझर गाठा. हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या तिथल्या कारखान्यात आधी मिग विमानं घडली, मग सुखोई-३०. शिकाऊ उमेदवार कायदा, १९६१ नुसार पदवी-पदविकाधारकांना तिथं वर्षभर शिकाऊ म्हणून घेतात. दरमहा विद्यावेतन मिळतं. पुढं नोकरीची हमी नाही, हे आधीच सांगते. पण पत्र्यावर रिव्हेट कसा बसतो, प्रत्येक सुट्या भागाची नोंद का ठेवतात, हे कारखान्यातच कळतं. त्यासाठी एक वर्ष जरूर द्यावं. विमानशास्त्राचीच पदवी लागते असं नाही. मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनाही जागा असतात. नॅट्स या राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण योजनेच्या सरकारी संकेतस्थळावर नाव नोंदवा आणि जाहिरातीतली शेवटची तारीख पाहून ठेवा.