कळफलकाचे वंगण



वंगण हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असे आम्हांस विचारण्यात आले. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीत फार झाले. तेथल्या टाइपरायटरच्या दांड्या एकदा अडकू लागल्या. आम्ही शिलाई मशीनचे तेल सढळ हाताने ओतले. दोन दिवस यंत्र लोण्यासारखे चालले. मग तेलावर धूळ बसली, चिखल झाला, आणि संपाच्या नोटिशीच्या आदल्या रात्री यंत्राने मान टाकली. साऱ्या प्रती हाताने लिहिल्या. कारागिराने ते स्पिरिटने धुतले व म्हणाला, "साहेब, दांड्यांच्या खाचा कोरड्याच ठेवायच्या असतात."

आता संगणक आले. ज्या कळफलकात प्रत्येक कळीखाली वेगळा स्विच असतो, त्याचा परिचित नमुना म्हणजे जर्मनीच्या चेरी कंपनीचा १९८० च्या दशकातला एम-एक्स. त्याच्या लाल जातीत कळ ४ मिलिमीटर खाली जाते, २ मिलिमीटरवर वीज जुळते. दांडी प्लॅस्टिकच्या खोबणीत घासते, स्प्रिंग कुरकुरते, धातूची पत्ती वीज जोडते. घासते तेथे वंगण हवे. पत्तीवर ते गेले तर अक्षर उमटेलच याचा भरवसा नाही.

घरातले खनिज तेल नको. काही प्लॅस्टिके त्याने तडकतात. १९५३ साली निघालेले डब्ल्यूडी-४० हे मुळात पाणी हटविण्यासाठी; त्यातला बराच भाग उडून जातो. सरळ उतरणाऱ्या कळीला क्रायटॉक्स २०५, दाटपणाची प्रत शून्य, हे चांगले. मध्ये टेंगूळ लागणाऱ्या कळीला ट्रायबोसिस ३२०३ सारखे पातळ घ्यावे, आणि दांडीच्या पायांना ब्रश लावू नये, नाहीतर टेंगूळच बोथट होते. टिकटिक वाजणारी कळ आहे तशी राहू द्यावी. थर जेमतेम चकाकेल इतकाच. आधी क्वचित लागणाऱ्या दोन कळांवर करून पाहावे. जास्त झालेले वंगण काढताना सारा स्विच उकलून धुवावा लागतो.

आता कामगारांची गोष्ट. क्रायटॉक्स २०५ मध्ये टेफ्लॉनच्या जातीची पूड असते. तिने माखलेल्या बोटांनी बिडी धरली, तर विस्तवावर त्या पुडीचा विषारी धूर होतो. काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, छाती आवळते. कारखान्यांतून हा ताप जुनाच ओळखीचा आहे. हात धुतल्याखेरीज तंबाखूला शिवू नये.

आमची बिडी अजून सुटलेली नाही. म्हणून कचेरीत ब्रश आमच्या टंकलेखक ताईंच्या हाती असतो, आणि आम्ही दिवा धरतो.