नेपाळचे स्वरसम्राट


आज ऐकू या नेपाळच्या स्वरसम्राटाची गोष्ट.
त्यांचं नाव नारायण गोपाल.

जन्म १९३९ चा, काठमांडूच्या जुन्या वस्तीतला.
वडील शास्त्रीय संगीतातले जाणकार.
तेच संगीत शिकायला नारायण बडोद्याला आले.
शिक्षण अर्धवट राहिलं.
गाणं मात्र सुटलं नाही.

रेडिओ नेपाळवरून त्यांचा भारदस्त, दर्दभरा आवाज घरोघरी पोचला.
१९६६ च्या ‘माइतीघर’ या नेपाळी चित्रपटासाठीही ते गायले.
संगीतकार होते जयदेव.
त्याच चित्रपटात आपल्या लताबाई आणि आशाबाईही गायल्या.

१९९० मध्ये, अवघ्या ५१ व्या वर्षी ते गेले.
मागे राहिली मोजकीच गाणी, दीडशेच्या आत.
मोजकी, पण मनात घर करणारी.

श्रोतेहो, नेपाळमध्ये आजही स्वरसम्राट म्हणजे नारायण गोपालच.
त्यांचं एखादं गाणं जरूर ऐका.