न्हाणीतला बंब



दिवसभर रानात राबून तुम्ही वर्गाला आलात. आता घरी जायची वेळ झाली आहे. तरी गुरुजींनी आम्हांला बोलायला उभे केले. आम्ही दोघे भाऊ. आम्ही काही वक्ते नव्हे. पाना आणि पकड घेऊन फिरणारी माणसे. लोकांच्या घरी पाणी तापवण्याची सोय करून देणे हा आमचा धंदा. तेव्हा त्याच्याविषयीच बोलतो.

तुम्ही म्हणाल, त्यात काय सांगायचं? चूल पेटवली, हंडा ठेवला, पाणी तापलं. खरं आहे. पण हंडा परसात असतो. आम्ही जी वस्तू बसवतो ती घरात असते, आणि माणूस दार लावून तिच्याजवळ उभा राहतो. तिथून सारा फरक पडतो.

आमचे वडील तांबट होते. ते बंब करीत. बंब तुम्ही सर्वांनी पाहिला आहे. मधून धुराची नळी जाते. नळीभोवती पाणी असते. खाली जाळी, जाळीवर विस्तव, त्याखाली राख. बाजूला तोटी. लाकडाच्या ढलप्या घाला, बुरकुंडे घाला, करवंट्या घाला, बंब कशालाही नाही म्हणत नाही. विस्तव पाण्याच्या पोटातच असल्याने थोड्या जळणात पाणी तापते. ज्या कोणा कारागिराला हे पहिल्यांदा सुचले त्याचे नाव कोणाला ठाऊक नाही. पण डोके मोठे होते.

तांब्याचा पत्रा ठोकत गेले की ताठर होतो. आणखी ठोकला तर चिरतो. मग तो लाल होईपर्यंत तापवायचा आणि पाण्यात विझवायचा. पुन्हा मऊ होतो. पोलादाचे याच्या उलट. लाल पोलाद पाण्यात बुडवले तर ते कडक होते. आम्ही लहानपणी हे पाहून चकित होत असू. पुण्यात कसबा पेठेत तांबट आळी आहे. तिथे पेशव्यांच्या काळापासून हे ठोके पडत आले आहेत. ठोक्यांच्या ओळीने उमटलेल्या खुणांना मठारकाम म्हणतात. लोकांना वाटते ती नक्षी आहे. नक्षी दिसते खरी, पण त्या ठोक्यांनी पत्र्यात ताकद येते.

वडिलांची एक रीत होती. बंब तयार झाला की तो पाण्याने काठोकाठ भरायचा आणि रात्रभर कोरड्या राखेवर ठेवायचा. सकाळी उचलायचा आणि राख पाहायची. राखेला ओलीचा ठिपका दिसला की बंब परत भट्टीकडे. एकदा गिऱ्हाईक गाडी जुंपून दाराशी उभे होते. घरात लग्न होते. राखेवर ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका निघाला. गिऱ्हाईक म्हणाले, "असू द्या हो, एवढ्याशा पाझरानं काय होतंय? दोन दिवसांनी आपोआप बुजंल." वडील काही बोलले नाहीत. त्यांनी सांधा उकलला आणि पुन्हा झाळायला बसले. दुपारपर्यंत गाडी खोळंबली. गिऱ्हाईक रागावून गेले. पण पुढे त्याच घरातून आणखी दोन बंबांची मागणी आली.

बंब देताना वडील घरच्या बाईला बोलावून एक गोष्ट बजावीत. "आधी पाणी, मागाहून विस्तव." कारण सांगतो. उघड्या भांड्यातले पाणी कितीही उकळले तरी १०० अंशांच्या फारसे वर जात नाही. कथील २३२ अंशांना वितळते. म्हणजे आत पाणी आहे तोवर तोटीचा कथलाचा डाख सुरक्षित. रिकाम्या बंबाखाली जाळ केला की डाख मेणासारखा ओघळतो. आणि बंबाचे तोंड कधी गच्च बंद करायचे नाही. एक लिटर पाण्याची वाफ सुमारे सोळाशे लिटर जागा मागते. वाट दिली नाही तर ती स्वतः वाट करते.

असे वडील. आता आमचे ऐका. हे सांगायला आम्हांला जड जाते, पण त्यासाठीच उभे राहिलो आहोत.

आम्ही आयटीआयत नळकामाचा एक वर्षाचा वर्ग केला आणि तालुक्याच्या गावी दुकान घातले. बंब मागे पडत चालले होते. भिंतीवर टांगायचा गॅसचा गीझर आला होता. २००८ सालची थंडी. एका घरी नवी न्हाणी बांधली होती. वर स्लॅब, चारी बाजूंनी फरशी, दार घट्ट बसणारे. खिडकी होती, पण गार वारा येतो म्हणून पुठ्ठा लावून बंद केलेली. घरधनी म्हणाले, "गीझर आतच लावा. पाईप कमी लागतो." आम्हांला माहीत होते की तो बाहेर लावायचा. वर्गात शिकवले होते. पण बाहेर लावायचा तर भिंत फोडा, पाईप वाढवा, वर पावसाचे छप्पर करा. अर्ध्या दिवसाचे काम दीड दिवसावर जाणार. आम्ही तो आतच लावला. मजुरी घेतली, चहा घेतला आणि आलो.

पाच आठवड्यांनी त्या घरची सून न्हायला गेली. पाणी पडत होते, पण तांब्याचा आवाज येईना. सासू मोरीच्या बाहेर तांदूळ निवडत होती. तिच्या कानांनी ते हेरले. तिने दार ठोठावले. ओ नाही. तिने शेजारच्या पोराला हाक मारून कडी तोडवली. सून खाली पडलेली होती. दोघांनी तिला ओढून अंगणात आणले, उघड्या हवेत. मग दवाखाना, मग प्राणवायू. देवाची कृपा आणि सासूचे कान, मुलगी वाचली. आज तिला दोन लेकरे आहेत.

घरच्यांना वाटले, फीट आली. कोणी म्हणाले, उपास होते. कोणी म्हणाले, बाहेरचे काही असेल. आमच्यावर कोणाचा संशयही नव्हता. गीझर चालूच होता. दुसऱ्या दिवशी त्याच न्हाणीत बाकीची माणसे न्हाली.

आम्ही तीन दिवस गप्प बसलो. तिन्ही दिवस दुकानात आम्ही एकमेकांकडे पाहत नव्हतो. चौथ्या दिवशी धाकट्याने पिशवीत हत्यारे भरली. थोरल्याने विचारलेही नाही कुठे जायचे ते. त्या घरी जाऊन आम्ही सांगितले, "फीट नव्हती. आमचं काम चुकलं." धनी चिडले. शिव्या दिल्या, त्या आम्ही ऐकल्या. सासूबाई मात्र म्हणाल्या, "अहो, यांनी सांगितलं म्हणून कळलं तरी. न सांगते तर उद्या नातू न्हायला गेला असता." आम्ही गीझर काढला, भिंत फोडली, बाहेर बसवला. पैसे घेतले नाहीत. ती गोष्ट गावभर झाली आणि त्या हंगामात आम्हांला फारसे काम मिळाले नाही.

आता त्या न्हाणीत झाले काय ते नीट समजून घ्या. जाळ हवा खातो. हवेला वजन असते बरं का. चार फूट रुंद, सहा फूट लांब आणि आठ फूट उंच अशी मोरी घ्या. तिच्यात साधारण साडेसहा किलो हवा मावते. एक किलो गॅस नीट जळायला सुमारे साडेपंधरा किलो हवा लागते. मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा गीझर तासाला जवळजवळ एक किलो गॅस जाळतो. आता तुम्हांला हिशेब शिकवला आहे, तुम्हीच करा. दहा मिनिटांची अंघोळ म्हणजे अडीच किलो हवा गीझरनेच खाल्ली. दार-खिडकी गच्च असेल तर मोरीतली तिसऱ्या हिश्शाहून जास्त हवा खलास.

हवा कमी पडली की जाळ अर्धवट जळतो आणि एक विषारी वायू निघतो. त्याला कार्बन मोनॉक्साइड म्हणतात. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्ताला प्राणवायूपेक्षा तो दोनशे पटींहून अधिक जोराने चिकटतो. एकदा चिकटला की प्राणवायूला जागा उरत नाही. आधी डोके जड होते. मळमळते, पायांतले बळ जाते. माणसाला वाटते, वाफेने घेरी आली. कडीपर्यंत हात पोचण्याआधी तो खाली बसतो.

तुमच्यातल्या एका बाबांनी मघाशी विचारले, की बंब तर आमच्या आजापासून मोरीत पेटतोय, कोणी मेलं नाही. बाबा, तुमच्या आजाच्या मोरीला कौले होती. कौलांत फटी होत्या. दाराखालून मांजर जाईल एवढी वाट होती. त्या फटींनी तुम्हांला जगवले. आज तोच बंब, तेच निखारे स्लॅबच्या बंद खोलीत ठेवाल तर तेच विष तिथेही तयार होते. बंब अंगणात पेटवा आणि पाणी बादलीने आत न्या. शेगडीचेही तेच. थंडीत निखाऱ्यांची शेगडी घेऊन दार लावून झोपू नका.

गीझर बसवताना आम्ही काय करतो ते थोडक्यात सांगतो. तो बाहेरच्या भिंतीवर घ्यायचा, खिडकीपासून दूर, नाहीतर धूर फिरून आत येतो. ओळंबा लावून सरळ टांगायचा. पाण्याचे आटे ताणून आवळायचे नाहीत. आटा मेला की पुढच्या माणसाला भिंत फोडावी लागते. गॅसच्या प्रत्येक सांध्याला साबणाचे पाणी लावायचे आणि फुगे येतात का ते पाहायचे. काडी ओढून कधीही पाहायचे नाही. आपल्या सिलेंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो जमिनीलगत साचतो, म्हणून नाक वर करून वास घेऊन भागत नाही. शेवटी ज्योत पाहायची. ज्योत निळी हवी. पिवळी लवलवत असेल तर गॅस नीट जळत नाही. निळी दिसली म्हणजे आत लावायला हरकत नाही, असे मात्र समजू नका. निळ्या ज्योतीलाही हवा लागतेच.

यातले सर्वांत अवघड काम हत्याराचे नाही. "नाही" म्हणणे हे अवघड काम आहे. अजूनही वर्षातून पाच-सात घरे म्हणतात, "आतच लावा, आम्ही खिडकी उघडी ठेवू." आम्ही हत्यारे उचलतो. लोक म्हणतात, माजलेत. म्हणोत. थंडीच्या रात्री खिडकी कोण उघडी ठेवतो ते आम्हांला ठाऊक आहे.

विलायतेत थंडी फार. तिथे घरोघरी गॅसचा बॉयलर असतो. न्हाण्याचे पाणी त्यावरच तापते, आणि तेच यंत्र गरम पाणी खोल्याखोल्यांतल्या लोखंडी चपट्या पेट्यांतून फिरवून घर उबदार ठेवते. तिथे हे काम कोणीही करायचे नाही असा कायदा आहे. गॅस सेफ नावाची नोंदवही २००९ सालच्या १ एप्रिलला तिथे सुरू झाली. तिच्यात नाव असेल त्यानेच गॅसला हात लावायचा. त्याच्याजवळ फोटो असलेले कार्ड असते. कार्डाच्या मागे तो कोणकोणती कामे करू शकतो ते लिहिलेले असते. घरधन्याने कार्ड मागायचे, मागची बाजू वाचायची, मगच दार उघडायचे. आम्हांला हे वाचून बरे वाटले. वाचता येणारी बाई दारात उभी असली की कारागीर आपोआप नीट वागतो.

सूर्याच्या उन्हावरचे बंबही आता गावागावांत दिसतात. दोन चौरस मीटरच्या एका पाटीवर चांगल्या उन्हात साधारण १०० लिटर पाणी तापते. त्याला जाळ नाही, विष नाही. पावसाळ्यात मात्र तो रुसतो. त्याचेही कसब आहे. तापलेले पाणी हलके होऊन आपणच वर चढते, म्हणून टाकी पाटीच्या वर हवी. पाटीचे तोंड दक्षिणेला हवे. आणि पाईप चढता हवा, सगळीकडे चढता. मध्ये कुठे उंटाच्या पाठीसारखा बाक आला की तिथे हवा अडकते आणि पाणी जागच्या जागी थांबते. खालून पाहणाऱ्याला काही दिसत नाही. घरधनी म्हणतो, कंपनी वाईट. कंपनी वाईट नसते. पाईप बसवणाऱ्याने पाणसळ लावलेली नसते. आम्ही अशा तीन घरांचे बाक काढून दिले आहेत. पाईप सरळ केल्यावर संध्याकाळी म्हातारीने तोटीखाली हात धरला आणि चटका बसून "अगं आई" म्हणाली, तेव्हा आम्हांला जे वाटले ते मजुरीत मोजता येत नाही.

वडील गेले तेव्हा माळ्यावर एक बंब निघाला. त्यांनी स्वतःसाठी करायला घेतलेला, अर्धा राहिलेला. तळाच्या आतल्या बाजूला, जिथे राखच पडायची, तिथेही त्यांनी मठार सारखाच घातला होता. आम्ही तो दुकानात ठेवला आहे. कोणी विकत मागितला तर देत नाही.

बरं, उशीर झाला. उद्या सकाळी सात वाजता शाळेच्या मागच्या भिंतीवर एक गीझर बसवायचा आहे. ज्या पोरांना हे काम शिकावेसे वाटते त्यांनी यावे. मुलींनीही यावे, हात लहान असले तर सांध्यापर्यंत चांगले पोचतात. छिन्नी, हातोडा आमच्याजवळ आहे. एक शिडी मात्र कोणीतरी आणा, आणि वाटीभर साबणाचे पाणी.