सरासरीच्या आड राहिलेली दोन टोके



विकासाविषयी बोलताना सरासरीचा आधार घेण्याची सवय महाराष्ट्रात सर्वांनाच जडली आहे. १९८४ साली दांडेकर समितीने जिल्ह्यांचा अनुशेष मोजला, तोही राज्याची सरासरी हा मापदंड धरून. त्या कामाचे मोल मोठे आहे. परंतु सरासरी सांगितली की टोके दिसेनाशी होतात. ती दाखविणारे संख्याशास्त्रातील सर्वांत साधे माप म्हणजे ‘विस्तार’. कोष्टकातील सर्वांत मोठी संख्या शोधावयाची, सर्वांत लहान शोधावयाची आणि पहिलीतून दुसरी वजा करावयाची. चौथीतल्या मुलाला जमेल एवढेच हे गणित आहे.

रत्नागिरीतील कार्यकर्त्यांना त्यासाठी दूर जावयास नको. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या. जिल्हावार यादीत सर्वांत वरचा आकडा रत्नागिरीचा, ११२२. सर्वांत खालचा मुंबई शहर जिल्ह्याचा, ८३२. विस्तार २९०. हा आकडा हाती आला म्हणजे पहिला प्रश्न असा विचारावयाचा की, ही दोन टोके कोणाची आहेत?

येथे तर ती एकाच घराची आहेत. रत्नागिरीचा पुरुष पिढ्यानपिढ्या मुंबईला जात राहिला. लालबाग-परळच्या गिरण्यांत राबणारा, गाळ्यात दहाबारा जणांत पथारी टाकणारा, शिमग्याला आणि गणपतीला गावी येणारा चाकरमानी मुंबईच्या रकान्यात मोजला गेला. मनिऑर्डरची वाट पाहत भाताची लावणी करणारी त्याची पत्नी रत्नागिरीच्या रकान्यात. कोकणात मुली अधिक जन्मतात असा समज कोणी करून घेऊ नये. सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात रत्नागिरीतही मुली मुलग्यांहून कमीच आहेत. त्या यादीची टोके गडचिरोली (९६१) आणि बीड (८०७) ही आहेत व विस्तार १५४ आहे. म्हणजे जिल्हे तेच, मोजणारे तेच. पण टोके बदलली आणि त्यांच्यामागचा अन्यायही निराळा निघाला. बीडच्या टोकाशी गर्भलिंगनिदानाचा प्रश्न उभा आहे, रत्नागिरीच्या टोकाशी रोजगाराचा.

आता दहा वर्षे मागे जाऊ. २००१ मध्ये रत्नागिरी ११३६ आणि मुंबई शहर ७७७, म्हणजे विस्तार ३५९ होता. तो २९० वर आला, ६९ ने आकुंचन पावला. विषमता घटली असे म्हणून सरकारी प्रवक्ता येथे थांबेल. कार्यकर्त्याने थांबू नये. या ६९ पैकी ५५ मुंबईचे टोक वर सरकल्यामुळे आले आणि रत्नागिरीचे टोक खाली आल्यामुळे केवळ १४. याच दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ पर्यंत उतरली. ८१,७०८ माणसे कमी झाली! तेव्हा पुरुषाला गावात काम मिळाले म्हणून अंतर मिटले असे मानण्यास आधार नाही. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव मोडले, एकट्या पुरुषांची खानावळ-गाळ्याची मुंबई आटत गेली आणि अनेक घरांतून बायकामुलेही शहराच्या कडेला जाऊन राहिली, हे स्पष्टीकरण अधिक संभवनीय आहे. अर्थात ते विस्तार सांगत नाही. तो फक्त कोठे पाहावे ते दाखवितो. कारण शोधावयास पायपीट करावी लागते.

या मापाचा दुबळेपणाही जाणून असावे. पस्तीस जिल्ह्यांपैकी तेहेतीसांची त्याला फिकीर नसते. मध्ये काय चालले आहे याविषयी तो मुका आहे. शिवाय हद्द बदलली की तो बदलतो. मुंबई शहर व उपनगर हे दोन जिल्हे एकत्र धरले, तर २०११ चे प्रमाण ८५३ येते आणि विस्तार २९० ऐवजी २६९ होतो. एकही माणूस जागचा हलला नाही, तरी विषमता एकवीसने ‘कमी’ झाली! वरील दोन जनगणनांत जिल्हे पस्तीसच होते, म्हणून तुलना चालते. २०१४ मध्ये ठाण्यातून पालघर वेगळा झाला, हे पुढच्या तुलनेत विसरून चालणार नाही.

२०२१ ची जनगणना ठरल्या वर्षी झाली नाही. तोवर वाडीवाडीची मोजणी कार्यकर्त्यांनाच करता येईल. प्रत्येक वाडीत पुरुष किती, स्त्रिया किती, कुलूपबंद घरे किती हे लिहावे. गावाच्या सरासरीशेजारी सर्वांत वरची व सर्वांत खालची वाडी नावानिशी नोंदवावी आणि मग वजाबाकी करावी. बागेतल्या मजुरीचेही तसेच. सरासरी मजुरी बागाइतदारही सांगेल. सर्वांत कमी मजुरी कोणत्या बाईला मिळते, हे मात्र तिच्या दारात जाऊनच विचारावे लागेल.