फुटका टाळ



दिंडीला शंभर वर्षं झाली म्हणून मंडळींनी आम्हाला दोन शब्द बोलायला उभं केलं. आम्ही चौथी शिकलेले. दिवसा वावरात, रात्री कीर्तनात. भाषण आम्हाला येत नाही. घडलं तेच सांगतो.

आमच्या आज्याचा एक टाळजोड होता. कास्याचा, जड. आज्यानं वाजवला, बापानं वाजवला, मग आमच्या गळ्यात आला. चिखलीहून निघून देऊळगाव राजा, जालना करत दिंडी चालली की त्याचा आवाज पार मागच्या टाळकऱ्याला जायचा. एका वारीत तो खरखर करायला लागला. पाहतो तर काठापासून आत केसाएवढी चीर. परतल्यावर एका ठिकाणी जोडायला दिला. त्यानं तापवला, अन् चीर बोटभर वाढली. मंडळी म्हणाली, "बुवा, मोडीत घाला, नवा घेऊ." आम्ही तो कोनाड्यात ठेवून दिला.

आता घरची गोष्ट. आमच्या थोरल्यानं वावर सोडून घरामागं पत्र्याचं शेड टाकलं. त्यात जुनी लेथ, ड्रिल मशीन अन् ग्राइंडर. मोटारी, पंप दुरुस्त करतो. एकादशीलाही त्याची घरघर चालू. आम्ही लोकांना सांगायचो घरात गोडीनं राहा, अन् घरी येऊन त्या पोराशी बोलायचो नाही. दोन वर्षं असं चाललं.

एक दिवस तोच म्हणाला, "बाबा, तो टाळ मले द्या."

आम्ही म्हणालो, "तुले भजन कधी कळलं?"

"भजन नाई कळत. धातू कळते."

त्यानं आम्हाला शेजारी बसवून सांगितलं. कासं म्हणजे तांबं अन् कथील. शंभरात साधारण ७८ भाग तांबं, २२ भाग कथील. त्या कथलानंच आवाज खणखणीत होतो अन् त्यानंच धातू ठिसूळही होते. एकाच जागी तापवली की तडकते. म्हणून जाळ लावायचाच नाही.

त्यानं टाळाला घासलेट लावलं, कोरडं पुसलं, वर खडूची पूड टाकली. चिरेतलं घासलेट पुडीत उमटलं अन् डोळ्याला दिसत नव्हतं ते टोकही दिसलं. खाली लाकडाचा ठोकळा ठेवून त्या टोकावर हळूहळू बारीक भोक पाडलं. चिरेचं टोक धारदार, सगळा ताण तिथंच येतो. गोल भोक केलं की ताण वाटला जातो, चीर पुढं सरकत नाही. मग बारीक करवतीनं चीर थोडी रुंद केली, म्हणजे कडा एकमेकींवर घासणार नाहीत. दोरीच्या भोकाची धारही मोडली.

आम्ही टाळ वाजवला. खोटं कशाला बोलावं, आवाज पहिल्यासारखा नव्हता, जरा खाली उतरला होता. पण खरखर गेली. थोरला मशीन बंद करून उभा राहिला होता. आम्हाला काही बोलवेना.

तेव्हापासून वारीआधी दिंडीचं सामान त्या शेडात येतं. पखवाजाच्या बोल्टाचे आटे गेले तर तो नवा बोल्ट काढून देतो. पेटीची पितळी रीड उतरली तर टोकाला किंचित घासतो, सूर चढतो; मुळाशी घासली तर उतरतो. भाता फाटला तर चामडं चिकटवतो. पखवाजाची शाई मात्र भरत नाही. म्हणतो, ते ज्याचं त्यानंच करावं.

कोणी विचारतं, भजनात मशीन कशाला? माउली, पेटी तरी कुठं आपली होती? ती युरोपातून आली. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास तिला हाताचा भाता लावला, तेव्हा ती बैठकीत बसली. आज तिच्याविना आमचं कीर्तन उभं राहत नाही.

टाळकऱ्यांना एवढंच सांगणं. टाळ ट्रकात भांड्यांखाली टाकू नका, फडक्यात गुंडाळा. चीर दिसली की त्याच दिवशी वाजवणं थांबवा. आज थोडक्यात थांबते, उद्या टाळ हातचा जातो. घरातल्या चिरेचंही तेच. आम्ही दोन वर्षं वाजवत राहिलो.

यंदा थोरला जालन्यापर्यंत पायी येतो म्हणाला. पिशवीत पाने, कानस अन् चामड्याचे तुकडे घेऊन. तुमचं काही वाजत नसेल, तर त्याच्यापाशी आणा.

रामकृष्ण हरी!