स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांचे गृह कसे पारखावे?

(भुईगाव येथील वार्षिक ज्ञातिमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



उभी हयात मुलांची उत्तरे तपासण्यात घालविलेल्या आम्हांस आज आमच्याच एका चुकलेल्या उत्तराविषयी बोलावयाचे आहे.

आमच्या वडीलबंधूंस स्मृतिभ्रंशाने ग्रासले. वाडीतील रहाट बंद पडून कित्येक वर्षे लोटली, तरी पहाटे उठून ते केळी शिंपावयास निघत. एकदा ते बावखलाच्या अगदी काठावर सापडले. घरात माणसे थोडी, मुले नोकरीनिमित्त मुंबईस. तेव्हा त्यांना निवासी शुश्रूषागृहात ठेवण्याचे ठरले. ह्यात लाज बाळगण्याजोगे काही नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाप्रमाणे साठीच्या पुढील शंभर भारतीयांत सुमारे सात जणांस हा विकार आहे. आमचा दोष निराळाच होता. आम्ही गृह नीट पारखले नाही.

चकचकीत फरशी, दूरदर्शन संच आणि पांढऱ्याशुभ्र चादरी पाहून आम्ही संतुष्ट झालो. दोन महिन्यांनी न कळविता सायंकाळी गेलो, तो बंधूंचा हात पंचाने पलंगास बांधलेला! "माणसे कमी आहेत, हे उठून जातात," असे उत्तर मिळाले. बंधूंनी आम्हांस ओळखले नाही. ते एवढेच म्हणाले, "अरे, हात सोड, केळींना पाणी द्यायचे आहे."

पुढे आम्ही कायदा वाचला. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाप्रमाणे तात्काळ धोका टाळण्याचा अन्य मार्गच नसेल आणि मनोविकारतज्ज्ञाची अनुमती असेल, तरच रुग्णास बांधता येते. शिक्षा म्हणून किंवा नोकर अपुरे म्हणून बांधणे त्यास मान्य नाही. स्वच्छ जागा, पौष्टिक अन्न, खाजगीपणा आणि स्वतःचे कपडे वापरण्याची मुभा हे रुग्णाचे हक्क होत.

म्हणून गृह पाहावयास जाल, तेव्हा पुढील गोष्टी अवश्य पाहा. रात्री किती रुग्णांमागे किती सेवक जागे असतात? शौचालयाचे दार पलंगावरून दिसते काय? चकाकणारी फरशी अशा रुग्णास ओली भासते व तो पाऊल टाकण्यास भितो. ती तशी नाही ना? तहान लागली हे त्यास सांगता येत नाही. मग पाणी आठवणीने कोण पाजतो? अंगणात सुरक्षितपणे हिंडता येते काय? आणि मुख्य म्हणजे, सेवक त्यास नावाने हाक मारतात काय? सायंकाळी अशा रुग्णांची बेचैनी पुष्कळदा वाढते. म्हणून एक भेट त्या वेळी, आधी न कळविता, अवश्य द्यावी.

जो तक्रार करू शकत नाही, त्याच्या वतीने दुसऱ्याने पाहिले पाहिजे. बाहेरगावी अशा गृहांत असलेल्या आपल्या ज्ञातीतील वृद्धांस दरमहा दोघा सभासदांनी भेटावे, अशी आमची मंडळास नम्र सूचना आहे. ह्यास मोठा निधी नको. गाडीभाडे आणि दोन घटका वेळ पुरे.

बंधू आज दुसऱ्या गृहात आहेत. त्यांची स्मृती परतलेली नाही. परंतु पहाटे तेथील सेवक त्यांच्या हाती झारी देतो आणि ते अंगणातील जास्वंदीस पाणी घालतात. हात मोकळे असतात.